तुळजाबाईच्या कानातला श्वास

वडगाव रासाईच्या तुळजाबाईच्या कानात कुणीतरी श्वास घेत होतं. सूंऽ सूंऽ. भर दुपारी, घरात चिटपाखरू नसताना, अगदी कानाला तोंड लावल्यागत. धार काढायला वाकली की डोळ्यांपुढं काळा पडदा यायचा आन् डोकं ठणकायचं. "कोन हाय गं आत?" ती भीत भीत विचारायची. श्वास चालूच.

घरच्यांनी काय करावं? अहो, देवीचं वारं आलं म्हणून मोकळे झाले! हलगी आली, केस सोडले, मळवट भरला. तुळजाबाई घुमली की पडदा आणखी दाट व्हायचा, समोरचं माणूस दिसेनासं व्हायचं. तिचा नवरा बापूसाहेब हात जोडून सांगायचे, "आईनं डोळं झाकलं. आता इचारा." पार न्हावऱ्याहून बाया यायच्या. बापूसाहेबांना गावात कधी नव्हता तेवढा मान आला.

२००६ च्या भादव्यात तिचा भाऊ जालिंदर तिला बळंच दौंडला डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. बापूसाहेबही धुसफुसत सोबत गेले. डॉक्टरांनी तिच्या मिटल्या पापणीवर गार जेल लावून सोनोग्राफी केली. दुसऱ्या डोळ्यानं तिनं मशीनच्या पडद्याकडं बघितलं. डोळ्याचा काळा गोळा, मागं जाड काळी शेपटी.

"ही डोळ्याची नस. तिचं वेष्टन किती फुगलंय बघा," डॉक्टर म्हणाले. "कवटीतल्या पाण्याचा दाब वाढला असणार. डोक्याला हात न लावता तो इथं कळतो. कानातला आवाजही त्याचाच. आजच पुण्याला न्या, पाठीच्या मणक्यातून सुईनं ते पाणी काढतील. उशीर झाला तर नजर जाईल."

आता यावर माणसानं काय करावं? बापूसाहेब म्हणाले, "नवरात्र तोंडावर आलंय. लोकं यायची हायती. दसरा झाला की नेऊ."

"अवो, मला लई भ्या वाटतंय," तुळजाबाई म्हणाली.

ऐकतंय कोण! जालिंदर भांडून भांडून थकला. अख्खं नवरात्र घुमवली तिला.

दसऱ्यानंतर पुण्याच्या दवाखान्यात पाणी काढलं आन् श्वास थांबला. इतकं शांत झालं, की आपणच मेलो असं तिला वाटलं. मग ती रडली, सुटल्याच्या आनंदानं.

बापूसाहेब खाटेपाशी आले. "दिसतंय का गं?"

तिनं मान इकडं वळवली, तिकडं वळवली, पुन्हा त्यांच्याकडं बघितलं.

"तुमचं अर्धंच तोंड दिसतंय. बाकीचं देवीनं न्हेलं का तुमी, ते तुमीच सांगा."