डाव्या वळणाला हळू

दादाने इंटरनेटवर पाहिलेली पहिली गोष्ट म्हणजे एक उघडून ठेवलेला कार्ब्युरेटर. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं होती. डोंबिवली पूर्वेला, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका निवृत्त काकांनी गाळ्यात कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे काढला होता. ते स्वतः वरच्याच मजल्यावर राहायचे. फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उमटत होता आणि दादा खुर्चीच्या टोकावर बसून मला सांगत होता, "थांब, थांब, आता आतलं दिसेल."

आतलं दिसलं. ते पाहून मला काही कळलं नाही, पण दादा पडद्याच्या आणखी जवळ सरकला. कुठल्याशा थंड देशातल्या माणसाने आपल्या गॅरेजात कार्ब्युरेटरचा एकेक भाग सुटा करून, प्रत्येकाखाली आकडा घालून, तो कसा साफ करायचा ते फुकट लिहून ठेवलं होतं. दादाला हे खरंच वाटेना. आमच्याकडचे मेकॅनिक गाडी उघडताना गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसत.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. शहाडला एका कारखान्यात नोकरीला. वडील आम्ही शाळेत असतानाच गेलेले, त्यामुळे घरात तो, मी आणि आई. मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका वाचनालयात काम करायचे. दादाने आयुष्यात हट्ट असा एकच केला. एक जुनी, जड, काळी मोटरसायकल त्याने विकत घेतली. आई तिला फटफटी म्हणायची आणि ती सुरू झाली की देवाजवळची निरांजनं थरथरतात अशी तक्रार करायची. मी काही म्हणायचे नाही. मी फक्त घाबरायचे.

हे घाबरणं समजावून सांगणं अवघड आहे. त्याच्यामागे बसले की माझी बोटं मागच्या कॅरिअरला इतकी घट्ट चिकटायची, की उतरल्यावर पर्सची चेन उघडता यायची नाही. दादा गेल्यावर गल्लीतून आवाज लांब लांब जायचा. तो पूर्ण विरला की मी हातातलं पुस्तक मिटून ठेवायचे, कारण पुढे एक ओळही वाचून व्हायची नाही. संध्याकाळी तोच आवाज गल्लीत परत शिरला की पुस्तक उघडायचे. तो कधी पडला नव्हता. गाडी साधी घसरलीसुद्धा नव्हती. तरी मला सारखं वाटायचं, ते व्हायचं आहे, अजून झालेलं नाही एवढंच.

त्या कॅफेत आम्ही शनिवारी संध्याकाळी जायचो. दादाला इंग्रजी वाचता यायचं पण वेळ लागायचा, आणि काकांचं घड्याळ चालू असायचं. म्हणून मी भराभर वाचून मराठीत सांगायचे. एक नवराबायको मोटरसायकलवरून वाळवंट ओलांडत होते आणि सापडेल त्या गावातून आपली हकिगत टाकत होते. आठवडाभर काही आलं नाही, तर दादा माझ्याइतकाच अस्वस्थ व्हायचा. एका पानावर निरनिराळ्या इंजिनांचे आवाज ऐकायला मिळायचे. दादाने एकदा ते लावले तेव्हा काका उठून आले.

"अहो, हे काय चाललंय? शेजारी दवाखाना आहे!"

"काका, सिंगल सिलिंडर आहे. ऐका तरी."

"मला ऐकवू नका. आयुष्यभर स्टेशनजवळ राहिलोय, मला आवाज नवीन नाहीत."

पण दादाचं सगळ्यात आवडतं पान म्हणजे एक फलक. मी त्याला फलकच म्हणायचे. जगभरातले मोटरसायकलवाले तिथे प्रश्न लिहायचे आणि ज्याला माहीत असेल तो उत्तर द्यायचा. चेन किती सैल ठेवावी, पावसात ब्रेक का चिकटतात, कुत्रा मागे लागला तर काय करावं. या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त उत्तरं होती आणि ती वाचून आम्ही पोट धरून हसलो होतो. त्याच फलकावर दादाला ठाणे-कल्याणकडची काही माणसं भेटली. एकमेकांना कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, एका रविवारी शहाडच्या पुलापाशी जमायचं आणि माळशेज घाटात जायचं.

घाट हा शब्द ऐकल्यापासून माझं अन्न गोड लागेना. दादाच्या ते लक्षात आलं असावं. तो म्हणाला, "तू असं कर, घाटात गाडी कशी चालवायची ते सगळं काढ. मी शिकून जातो. मग तर झालं?"

मी काढलं. काकांच्या प्रिंटरवर छापून घरी आणलं. जेवण झाल्यावर टेबलावर मी वाचायचे आणि दादा पेन्सिल घेऊन खुणा करायचा. बहुतेक पानं अमेरिकेतली. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, म्हणून आमचा नियम होता की उजवं आलं की डावं करायचं आणि डावं आलं की उजवं. मी वाचायचे, "उजवं वळण." दादा म्हणायचा, "डावं," आणि शब्द खोडून वर 'डा' लिहायचा. आई भांडी पुसता पुसता म्हणायची, "अरे, तो बिचारा एक सांगतोय आणि तुम्ही दोघं त्याच्या उलट करताय. असं कुठे शिकतात का?"

"आई, तिकडे सगळं उलटंच असतं."

"उलटं असतं तर त्यांच्याकडून शिकायचं कशाला?"

शेवटचं पान वळणांवरचं होतं. एका बाजूचं वळण उघडं असतं, त्यावर पुढचं लांबवर दिसतं, तिथे थोडा वेग चालतो. दुसऱ्या बाजूचं वळण बंद असतं, पुढचं दिसत नाही आणि वेग जास्त झाला तर गाडी बाहेर फेकली जाऊन समोरून येणाऱ्याच्या पुढ्यात जाते. तिथे अगदी हळू. दादाने नेहमीप्रमाणे डावं-उजवं बदललं आणि मान हलवत दोनदा पाठ केलं. "म्हणजे आपल्याला डावं वळण मोकळं आणि उजव्याला जपायचं. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर.

रविवारी सकाळी तो गेला. आवाज विरल्यावर मी टेबल आवरायला घेतलं. ते शेवटचं पान वरच पडलं होतं. त्यावर एक फोटो होता. आदल्या रात्री बल्बच्या उजेडात तो नुसता काळा डाग वाटला होता. आता खिडकीतून ऊन आलं होतं. डोंगरातला रस्ता, मधोमध पांढरी रेघ, एक पाठमोरी मोटरसायकल. ती रेघेच्या डावीकडे होती.

फोटो उलटा छापला गेला असेल असं मला आधी वाटलं. मग मी पान डोळ्यांजवळ नेलं. नंबरप्लेट सरळ वाचता येत होती.

ते पान अमेरिकेतलं नव्हतं. ते आपल्यासारख्याच, डाव्या बाजूने चालवणाऱ्या देशातलं होतं. त्यात जसं लिहिलं होतं तसंच आपल्याला लागू होतं आणि आम्ही ते उलटं केलं होतं. जे वळण सगळ्यात वाईट, तेच मोकळं म्हणून दादा पाठ करून गेला होता.

आईला काही सांगितलं नाही. ती देवपूजेला बसली होती. मी चपला अडकवल्या आणि बाहेर पडले, पण जायचं कुठे ते कळेना. मी शहाडला पोचेपर्यंत ते निघून गेलेले असणार. त्या माणसांची नावं धड माहीत नव्हती, फोन नंबर तर नव्हतेच. मला त्यांचा एकच पत्ता माहीत होता, तो म्हणजे फलक. मी काकांच्या जिन्याखाली उभं राहून हाका मारल्या. काका बनियनवर खाली आले.

"अगं, आज रविवार. दहाशिवाय उघडत नाही."

मी हातातलं पान पुढे केलं, जणू त्यावरून त्यांना सगळं कळणार होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शटर वर केलं.

मोडेमची ती किरकिर किती वेळ चालली ते मी सांगू शकणार नाही. मी लिहिलं, माझा भाऊ आज माळशेज घाटात गेला आहे, आम्ही तुमच्या एका पानाचं डावं-उजवं चुकून उलटं केलं, त्याला कसं कळवू? लिहून झाल्यावर ते मलाच वेड्यासारखं वाटलं. घाटातल्या माणसाला कळवण्यासाठी मी सगळ्या जगाला विचारत होते. काकांनी वरून चहा आणला. मी कपाला हात लावला नाही. पान पुन्हा पुन्हा मागवत राहिले आणि दर वेळी माझाच प्रश्न एकटा समोर यायचा.

मग एक उत्तर आलं. ऑस्ट्रेलियातल्या कोणीतरी लिहिलं होतं, आम्हीही डावीकडूनच चालवतो, तुझी भीती खरी आहे, पण जुन्या जड गाडीचा चालक सहसा तेवढा वेग घेत नाही. तुझ्या देशातलं कोणी हे वाचत असेल तर मदत करा. 'तुझी भीती खरी आहे' हे वाक्य वाचून मला रडू फुटलं. इतकी वर्षं घाबरत होते, पण असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

त्याच्याखाली थोड्या वेळाने ठाण्यातल्या एकाने लिहिलं. तो आज त्यांच्याबरोबरच जाणार होता, पण घरी सासरची मंडळी आल्यामुळे अडकला होता. घाट सुरू होण्याआधी एक हॉटेल आहे, तिथे सगळे मिसळ खायला थांबणार आहेत, हा तिथला फोन.

बाजूलाच एसटीडी बूथ होता. पलीकडून खूप गलका ऐकू आला.

"हालो! कोण पायजे?"

"मी डोंबिवलीहून बोलतेय. तिथे मोटरसायकलवाले आलेत का? माझा भाऊ आहे त्यात. काळी गाडी, निळी सॅक."

"ताई, हितं समदेच मोटरसायकलवाले. काय निरोप देऊ? लवकर बोला, तेल तापलंय."

"त्याला सांगा, डाव्या वळणाला हळू. पान उलटं झालंय."

"काय उलटं झालंय?"

"ते राहू दे. डाव्या वळणाला हळू. एवढंच सांगा."

"डाव्या वळणाला हळू," तो म्हणाला, आणि मग रिसीव्हर तोंडापासून न हलवताच ओरडला, "ए, डोंबिवलीची बहीण कुनाची? फोन हाय! डाव्या वळणाला हळू म्हनते!" मागे मोठा हशा झाला. मग लाइन गेली. पुन्हा लावला तर लागेना.

दादा त्या हशात होता की नाही, तो पुढे निघून गेला होता की अजून पोचायचाच होता, हे मला कळलं नाही. मी घरी आले. आईने विचारलं, "कुठे होतीस?" म्हटलं, कॅफेत. "आज पण?" ती म्हणाली. दुपारी मी ताटावर बसून भात कालवत राहिले. गल्लीत कुठलीही गाडी आली की उठायचे. शेजारच्यांचा फोन वाजला की भिंतीला कान लावायचे. नाव आमचं निघत नव्हतं, तरी फोन ठेवल्यावरसुद्धा मी तशीच उभी राहायचे. त्या दिवशी मला कळलं की आपण भीतीने काही थांबवत नाही. तरीही मी घाबरणं थांबवलं नाही. थांबवलं तर काहीतरी होईल असं वाटत होतं.

उजेड असतानाच आवाज आला.

दादा आत आला तो रागातच. "काय गं! सगळ्यांसमोर! आता ते मला नावाने हाक मारत नाहीत. अख्ख्या घाटात, प्रत्येक वळणावर मागून ओरडत होते, डाव्या वळणाला हळू! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

आई म्हणाली, "असं अभद्र बोलू नकोस घरात आल्या आल्या."

मला त्याचे बूट दिसत होते, त्यांच्यावरची लाल माती दिसत होती. तेवढं पुरेसं होतं. मी ते पान त्याच्यापुढे ठेवलं आणि फोटोवर बोट ठेवलं. तो बघत राहिला. मग त्याने हातपाय धुतले, चहा घेतला, आणि टेबलाशी बसून खोडरबराने आपली पेन्सिल खोडायला लागला. एकेक 'डा', एकेक 'उ'. खोडता खोडता, वर न बघता म्हणाला, "एका वळणावर टँकर होता." एवढंच. मी विचारलं नाही आणि त्याने पुढे कधी सांगितलं नाही.

दादा गेल्या वर्षी गेला. रस्त्यावर नाही. हॉस्पिटलमध्ये, अंथरुणावर, मी शेजारी खुर्चीवर असताना. गाडी त्याआधीच कधीतरी विकली होती. ज्या गोष्टीला मी तीस वर्षं घाबरले ती झालीच नाही. जी झाली तिची मला कल्पनाही नव्हती.

परवा काही सुचेना म्हणून मी तो फलक शोधला. तो बंद पडला आहे, पण कोणीतरी जुनं सगळं जपून ठेवलं आहे. शोधता शोधता माझा प्रश्न सापडला. घाईत लिहिलेलं माझं इंग्रजी. खाली ठाण्याच्या माणसाचं उत्तर. त्याच्याही खाली आणखी उत्तरं होती, जी मी कधी पाहिलीच नव्हती, कारण त्या दिवसानंतर मी तिथे परतले नव्हते आणि दादाही लाजेने बरेच दिवस गेला नव्हता. एकाने धीर धर म्हणून लिहिलं होतं. शेवटी ऑस्ट्रेलियातला तोच माणूस, दुसऱ्या दिवशी. 'तुझा भाऊ घरी पोचला का?' आणि मग आणखी चार दिवसांनी, पुन्हा त्याचंच, 'पोचला का?'

तिथे आता काही लिहिता येत नाही. मी ते पान छापून घेतलं. दादाची पेन्सिल अजून टेबलाच्या खणात आहे. त्या प्रश्नाखाली मी मराठीत लिहिलं, हो, पोचला. संध्याकाळी, उजेड असतानाच.