गारव्याचा व्यापारी आणि ओलं फडकं

आमचे जावईबापू फ्रिज विकतात. विकतात म्हणजे, माणूस पंखा बघायला दुकानात शिरला तरी फ्रिजचा रंग ठरवूनच बाहेर पडतो. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाण्याचा पेला हातात धरून म्हणाले, "मामा, हे पाणी अजून गार होऊ शकतं." मी तेव्हाच ओळखलं, हा गडी उपाशी मरायचा नाही.

अशा माणसाची लेक म्हणजे आमची नात. तिला आम्ही वकिलीणबाई म्हणतो, कारण तिच्या प्रश्नांना जामीन मिळत नाही. शाळेत विज्ञान प्रदर्शन निघालं. एका मुलाने एकच प्रयोग मांडायचा, निवड झाली की पुढच्या मोठ्या प्रदर्शनात जायचं. पोरीने तिथे जायचं मनावरच घेतलं. तीन सारख्या बाटल्या पाण्याने भरल्या. एकीला ओलं फडकं गुंडाळलं, दुसरीला कोरडं, तिसरी तशीच. गॅलरीत सावलीला ठेवून थर्मामीटर घेऊन पहाऱ्याला बसली. आमच्या लहानपणी गावच्या शाळेत विज्ञान म्हणजे कपाटातला एकुलता एक लोहचुंबक, आणि कपाटाची किल्ली हरवलेली! मी पण मांडी घालून शेजारी बसलो.

जावईबापूंनी बघितलं मात्र, टायच ढिला झाला त्यांचा.

"ओलं फडकं? माझ्या मुलीने? गिऱ्हाइकांनी पाहिलं तर माझ्या पोटावर पाय येईल!"

"पण बाबा, पाणी खरंच गार होतं!"

"म्हणूनच तर म्हणतो!"

झालं. दुकानातला मांडणीचा छोटा फ्रिज टेम्पोतून शाळेत गेला. आत निळे दिवे, वर पेंटरकडून रंगवलेली पाटी, 'उद्याचा गारवा', आणि शेजारी स्पीकर. पोरगी रुसली, जेवली नाही. प्रदर्शनाच्या सकाळी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, तुमची पिशवी मोठी आहे ना?" आता नात विचारतेय म्हटल्यावर पिशवी लहान कशी असेल?

हॉलमध्ये जिकडेतिकडे बाप मंडळी घाम गाळत होती आणि पोरं कडेला उभी होती. एका ज्वालामुखीचे जनक तर लेकरालाच ओरडत होते, "हात लावू नकोस, तुला कळत नाही त्यातलं!"

परीक्षक बाई आमच्या टेबलाशी आल्या. नातीला विचारलं, "बाळ, यात तू काय केलंस?"

मागे जावईबापूंचे ओठ माशासारखे हलत होते. पोरीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मी दार पुसलं."

"आणि?"

"आतला दिवा लागतो का ते बघितलं."

जावईबापूंना राहवेना. "मॅडम, हे ऐकाच!" म्हणत त्यांनी सगळी बटणं एकदम दाबली. स्पीकरमधून त्यांचाच मधाळ आवाज आला: "या, गारवा अनुभवा! जुना द्या, नवा न्या..." आणि फट्! अख्ख्या हॉलची वीज गेली. पवनचक्क्या थांबल्या, ज्वालामुखी निवला, पंखेही बंद पडले. उकाड्याने बाईंचा जीव कासावीस झाला.

"कुणाकडे पाणी आहे का?"

वकिलीणबाई टेबलाखालून वर आली ती तिन्ही बाटल्या घेऊन. "आहे, पण बाई, आधी तिन्हींना हात लावून बघा."

बाईंनी हात लावला, आणि ओल्या फडक्याच्या बाटलीवरचा हात काही काढेनात. "मग कोरडं फडकं कशाला गुंडाळलंस?"

"नाहीतर कळणार कसं, गारवा फडक्याचा की त्यातल्या ओलाव्याचा?"

बाईंनी खुर्चीच ओढली. "सांग बघू सगळं पहिल्यापासून."

"मॅडम, वीज आली की आमचा फ्रिज..."

"आपण कोण?"

"मी... पालक."

"मग पालकांनी बाहेर थांबावं."

माझी तर छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी राहिलं! पोरीची निवड झाली. जावईबापू आता गिऱ्हाइकांना सांगतात, "मुलगी शास्त्रज्ञ निघाली. गारव्याचं ज्ञान रक्तातच आहे आमच्या."

परवा भर उन्हात मी दुकानात डोकावलो. वीज गेलेली, फ्रिजची अख्खी रांग गरम होऊन उभी. एका नवराबायकोपुढे जावईबापूंचं गारव्यावर प्रवचन चाललं होतं. मध्येच घसा कोरडा पडला म्हणून ते काउंटरखाली वाकले आणि एक बाटली काढून घटाघट प्यायले. बाटलीभोवती ओलं फडकं!

"जावईबापू," मी म्हटलं, "हे कुठलं मॉडेल?"

"मामा, हळू बोला," ते दातओठ खात कुजबुजले, "गिऱ्हाईक आहे."