सर्वानुमते गहाळ

ती फिर्याद आज आठवली तरी मला आधी हसू येते आणि मग थोडे ओशाळल्यासारखे होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, कंटेनरसकट पळवलेले सुटे भाग शोधून आणले. पण घरी नातवंडांना सांगायला बसलो की एका शाळेच्या वहीचाच तपास सांगतो. संबंधित मंडळी अजून त्याच भागात राहतात, म्हणून नावे घेत नाही.

मी तेव्हा चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या एका चौकीचा प्रभारी सहायक निरीक्षक होतो. शुक्रवारची सकाळ. हजेरी घेऊन ड्युट्या वाटत होतो, तोच जवळच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक घामाघूम होऊन आत आले. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले, सज्जन, घाबरट गृहस्थ. शर्टाच्या खिशाला तीन पेने.

"साहेब, चोरी झालीय."

"काय गेलं?"

"इतिवृत्त."

आमचे ठाणे अंमलदार हवालदार लिहायला बसले होते. त्यांनी पेन थांबवून विचारले, "किती ग्रॅमचं?"

मुख्याध्यापकांनी समजावून सांगितले. शाळेचा कारभार पाहायला पालकांची एक समिती असते, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्या सभेत ठरेल ते ज्या वहीत लिहितात, ते इतिवृत्त. गुरुवारी दुपारी वही टेबलावर होती. दुसरीच्या वर्गात मारामारी झाली म्हणून ते उठून गेले, परत आले तर वही नाही.

"कपाटात का नव्हती ठेवली?"

"कपाटाची किल्ली हरवलीय."

"कधी?"

"मी या शाळेत रुजू होण्याआधी."

प्रकरण दिसायला किरकोळ होते, पण सरांचा जीव खरोखर टांगणीला लागला होता. शाळेच्या दोन खोल्या धोकादायक ठरल्या होत्या. कंपन्यांमुळे बाहेरगावची कुटुंबे वाढलेली, मुले दुप्पट झालेली, बसायला जागा नाही. म्हणून समितीने ठराव केला होता की शाळा दोन सत्रांत भरवावी, लहान वर्ग सकाळी सातला आणि मोठे वर्ग दुपारी. त्या ठरावाची नक्कल मंगळवारी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोहोचायची होती. नाही पोहोचली तर वरून हुकूम निघून दोन वर्ग चार किलोमीटरवरच्या शाळेत हलणार होते, तेही कंटेनरच्या रस्त्याने.

"संशय कोणावर?"

"विरोधकांवर."

"ठराव कसा झाला होता?"

"सर्वानुमते."

"मग विरोधक कोण?"

सर बराच वेळ खिशातल्या पेनांशी खेळले. म्हणाले, "तेच कळत नाहीये साहेब."

त्यांना 'चोरी' लिहून हवे होते, कारण 'गहाळ' लिहिले की जबाबदारी त्यांच्यावर येणार. मी म्हटले, कुलूप तुटलेले नाही, कोणी नेताना पाहिलेले नाही. तूर्त गहाळ म्हणून नोंद घेतो, चौकशीत चोरी निघाली तर गुन्हा दाखल करू. स्टेशन डायरीला नोंद झाली. सरांनी लेखी दिलेल्या अर्जात ठरावाच्या सभेचा तपशीलही होता : मागच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता, स्थळ शाळेचे कार्यालय, सर्व नऊ सदस्य हजर, सर्वांच्या सह्या.

शनिवारी खबर आली. माझा एक खबरी निघोज्याकडे चहाची टपरी चालवायचा. त्याने फोन केला, "साहेब, इथल्या भंगारवाल्याकडं काल पोतंभर रजिस्टरं आलीत. लाल पुठ्ठ्याची." आमची हरवलेली वहीही लाल पुठ्ठ्याचीच. जीप काढली, दोन शिपाई घेतले.

रजिस्टरे होती खरी, पण एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कँटीनमधली तक्रार नोंदवही आणि तिच्या पंधरा-वीस बहिणी. तरी खात्री करायची म्हणून एकेक उघडून पाहायला सांगितले. तासाभराने पाहतो तर एक शिपाई पत्र्याच्या डब्यावर बसून मन लावून वाचतोय.

"काय सापडलं?"

"साहेब, हा एक कामगार आहे. चार वर्षं रोज लिहितोय, आमटीत डाळ नाही. शेवटच्या दिवशी लिहिलंय, आज डाळ होती, पण कंपनी बंद झाली."

खबर फुकट गेली. मग मी नेहमीचा रस्ता धरला. नऊच्या नऊ सदस्यांना एकेक करून जबाबाला बोलावले.

माझा अनुभव असा आहे की चौकीत पाऊल टाकल्यावर माणसाला पहिली घाई होते ती आपण त्या जागी नव्हतोच, हे सांगायची. काय विचारणार आहेत याची तो वाट पाहत नाही.

समितीचे अध्यक्ष गावातल्या जुन्या घरातले. जमीन कंपनीत गेलेली, उरलेल्या जागेवर भाड्याने द्यायच्या शेड बांधलेल्या. धाकटा मुलगा चौथीत, म्हणून हे अध्यक्ष. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. बसायच्या आत म्हणाले, "सायब, त्या वहीचं आपल्याला काय बी ठावं न्हाई. आमी त्या शनवारी लग्नाला व्हतो. हे बघा फोटू."

फोटो खरे होते. फेटा बांधून पंगतीत वाढत होते. वेळ अकरा वाजून दहा मिनिटे.

"पण सभेच्या इतिवृत्ताखाली तुमची सही आहे म्हणतात सर."

"व्हय."

"म्हणजे तुम्ही सभेला हजर होतात."

"न्हाई ओ."

"मग सही?"

अध्यक्षांनी अगदी सरळ मनाने सांगितले, "सही हजर व्हती."

आमचे हवालदार तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले ते पाच मिनिटांनी आले.

मग ही रांगच लागली. उपाध्यक्ष त्या वेळी चिखलीत मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ बसवत होते, मेहुण्याला फोन लावून द्यायला तयार. शिवणकाम करणाऱ्या एक बाई दवाखान्यात होत्या, त्यांनी चिठ्ठीच पुढे केली. ठरावाला अनुमोदन दिलेले सदस्य तर वर्षापूर्वीच बिऱ्हाड हलवून देहूरोडला गेले होते, मुलाचे नावही तिकडच्या शाळेत घातले होते. "साहेब, मी अजून समितीत आहे?" असे त्यांनीच मला विचारले. सर महिन्याला गाडीवरून येतात, चहा घेतात, वही पुढे करतात, आपण सही करतो. एवढेच त्यांना ठाऊक. चांगला माणूस आहे, त्याला नाही कसे म्हणायचे?

रविवार संध्याकाळपर्यंत आठ जबाब झाले. प्रत्येकाने आपण चोर नाही हे पक्के सिद्ध केले होते. आणि त्या आठ जबाबांवर नजर टाकली तर त्यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती, की ती सभा झालीच नव्हती. वही सापडली असती तरी पंचाईत, न सापडली तरी पंचाईत. सरांची अवस्था मला तेव्हा कळली.

नवव्या सदस्य एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होत्या. मूळच्या मराठवाड्यातल्या. तीन दिवस ओव्हरटाइम चालू होता, त्यामुळे भेटल्या नव्हत्या. सोमवारी शिफ्ट सुटल्यावर येते असा निरोप होता.

सोमवारी दुपारी मी हवालदारांना म्हटले, या जबाबांच्या झेरॉक्स काढून आणा. आमच्या चौकीची झेरॉक्स समोरच्याच दुकानात व्हायची. दहा मिनिटांनी हवालदार परतले, तर एका हातात जबाब आणि दुसऱ्या हातात लाल पुठ्ठ्याची वही.

"कुठे मिळाली?"

"साहेब, मशिनच्या शेजारीच होती. आपण कागद ठेवतो तिथे."

दुकानदाराला बोलावले. तो चकित. "साहेब, गुरुवारी एक कंपनीतल्या ताई ठेवून गेल्या. सगळ्या पानांच्या झेरॉक्स पाहिजेत म्हणाल्या. गुरुवारी आपल्याकडे लाइट नसते, म्हटलं ठेवून जा. काढून ठेवल्यात, त्या आल्याच नाहीत."

"अरे, चार दिवस आम्ही वही शोधतोय, तुझ्या कानावर आलं नाही?"

"आलं ना. पण तुम्ही वही शोधत होता. हे रजिस्टर आहे."

तीस पावलांवर मुद्देमाल, आणि मी निघोज्याच्या भंगारात आमटीच्या तक्रारी वाचत होतो. हे मी वरिष्ठांना कधी सांगितले नाही.

साडेतीनला त्या ताई आल्या. अंगात कंपनीचा निळा एप्रन, डोळ्यांत झोप. महिला शिपायाला शेजारी बसवून मी वही टेबलावर ठेवली. पाहताच त्यांच्या तोंडचे पाणी पळाले, पण नाही म्हणाल्या नाहीत.

"मीच नेली साहेब. पोरीचा बोनाफाईड आणायला गेलते. सर वर्गात गेलते, वही उघडी होती. सही मी न वाचताच केलती, आता बघते तर त्यात माझं नाव. वाचलं आन् माझं डोकंच फिरलं. झेरॉक्स काढून वही परत ठेवणार होते, तर ओव्हरटाइम लागला."

"असं काय होतं?"

त्यांनी स्वतःच पान काढून दिले. सरांच्या सुंदर अक्षरात लिहिले होते की दोन सत्रांत शाळा भरवण्याचा ठराव या ताईंनी मांडला, आणि त्याचे फायदे सांगताना 'अभ्यासपूर्ण विवेचन' केले.

"विवेचन म्हणजे काय हे मला थोरल्या पोरीला विचारावं लागलं," त्या म्हणाल्या. "साहेब, आमची बस पावणेसहाला येती. नवऱ्याची रात्रपाळी, ते आठला घरी येतात. सकाळी सातला शाळा केली तर पहिलीतल्या लेकराची वेणी कोण घालील, कोण सोडील? आमच्या लाइनवर साठ बाया हायेत. त्यांना हे कळलं की ठराव मीच मांडला, तर मला बसमध्ये बसू देतील का? मागची पानं बघितली. अकरा ठराव माझ्या नावावर. घरात भाजी कोणती करायची ते मला कुणी विचारत नाही, आन् इथं मी अकरा ठराव करायले."

मला हसू आवरेना आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. "मला अटक करणार का?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "आधी बसा." सरांना आणि बाकीच्या आठ जणांना फोन करायला लावले. वही मिळाली आहे, ओळख पटवायला ताबडतोब या. चौकीचा निरोप म्हटल्यावर पाच वाजेपर्यंत सगळे हजर. देहूरोडवालेही आले. खुर्च्या पुरेनात म्हणून शेजारच्या हॉटेलातून बाकडी आणली.

वाटले होते ओळख पटवून पाच मिनिटांत मोकळे करू. पण ताईंनी ते पान मोठ्याने वाचून दाखवले आणि चौकीत गोंधळ उडाला. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, सातची शाळा आम्हाला पण नको. उपाध्यक्ष सरांवर घसरले. अध्यक्ष म्हणाले, "ही अडचण मला कुनी सांगितलीच न्हाई."

ताई म्हणाल्या, "अध्यक्ष तुम्ही. कुठं सांगायची?"

"मीटिंगमदी!"

"मीटिंग कधी झाली?"

अध्यक्षांनी सरांकडे पाहिले. मग एवढा वेळ कोपऱ्यात बसलेले सर उठले. "सुरुवातीला मी तीन वेळा सभा बोलावली. दरवाजात उभा राहून वाट पाहिली. एकदा दोघे आले, एकदा एक, तिसऱ्यांदा शाळेतला कुत्रा. कोरम नाही म्हणून कागद अडतात, कागद अडला की मुलांचे गणवेश अडतात. मग मीच नऊ जणांचं डोकं वापरायला लागलो. चुकलंच माझं."

शिवणकामवाल्या बाईंनी सरकून सरांना बाकड्यावर जागा करून दिली.

मग अध्यक्षांनी घसा खाकरला. "शाळंच्या भिंतीला लागून आपली शेड हाय. भाडेकरू गेल्यापास्नं मोकळीच पडलीया. दोन वर्ग बसतील की. भिंत फोडून दार करू. नव्या खोल्या होईस्तवर वापरा."

"मग दोन सत्रांची गरजच नाही," उपाध्यक्ष म्हणाले.

"हे आधी का नाही सुचवलंत?" सरांनी कळवळून विचारले.

"इचारलं कुनी?"

दारे, पंखे, पोरांना ऊन लागेल का, यावर पाऊण तास खडाजंगी झाली. दोनदा मला टेबलावर काठी आपटावी लागली. देहूरोडवाल्यांनी राजीनामा देतो म्हटले, तर तो घ्यायचा की नाही यावरही चर्चा झाली. शेवटी ताईंनी ठराव मांडला, या वेळी खरोखर. सरांनी वही उघडली, वेळ लिहिली आणि अडखळले.

"साहेब, स्थळ काय लिहू?"

"जिथे बसलाय ते."

सर कळवळून माझ्याकडे पाहू लागले. ताई म्हणाल्या, "झालं ते लिहा ना सर." सरांनी लिहिले : स्थळ, पोलीस चौकी. मग कोणी न सांगता मागचे पान उलटले, त्या शनिवारच्या ठरावावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले, 'ही सभा झालेली नाही.' सही केली. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने असे लिहिणे, हे धाडस मी बंदूकवाल्यांमध्येही फारसे पाहिले नाही.

वही झेरॉक्सच्या दुकानात मिळून आली, अर्जदाराची तक्रार नाही, अशी डायरीला नोंद करून मी प्रकरण बंद केले. खाडाखोडीबद्दल सरांना वरून एक खरमरीत पत्र आले, त्यावर निभावले. नक्कल मंगळवारी वेळेत पोहोचली. त्याच दुपारी मला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून फोन आला.

"साहेब, शाळा समितीची सभा पोलीस चौकीत का झाली?"

मी म्हटले, "इथे कोरम होतो."

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते कबूल करायला थोडी लाज वाटते. त्या आठवड्यात मी सरांना मनातल्या मनात बरेच बोललो होतो. पुढच्याच आठवड्यात एका घरफोडीचा पंचनामा केला. पंच म्हणून शेजारच्या एकाबरोबर नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या पानवाल्याला बोलावले. वर्षानुवर्षे हा पानवाला आमचा पंच. कागद पुढे केला, त्याने पेन घेतले, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "वाचलंस का?"

तो हसला. "साहेब, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

मी कागद मागे घेतला. दोन्ही पंचांना घेऊन पुन्हा जागेवर गेलो आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवली. तिसऱ्या ओळीला पानवाल्याने मला थांबवले. खिडकी पूर्वेला नाही, दक्षिणेला आहे म्हणाला. पाहिले तर त्याचे बरोबर होते.