नोएमीचे मानकरी

दाक्षिण्य हा गुण ज्याच्यापाशी असतो त्याला स्वतःला त्याचा उपभोग फारसा घेता येत नाही. औदार्याला निदान देण्याचे सुख असते, शौर्यामागून जयघोष येतो. दाक्षिण्याच्या वाट्याला येतो तो केवळ शीण. समोरच्याचे मन मोडू नये म्हणून आपले मन एकेक पाऊल मागे सारायचे, आणि ते मागे सरले आहे हे कोणाच्या ध्यानातही येऊ द्यायचे नाही. संस्कृत शास्त्रकारांनी अनेक नायिकांची मने एकाच वेळी राखणाऱ्या नायकाला ‘दक्षिण’ म्हटले. तो किती थकत असेल, याचा विचार मात्र त्यांनी केलेला दिसत नाही. व्यवहारात आपण याच गुणाला भीड म्हणतो आणि भिडेपोटी झालेली कामे नुकसानीत धरतो. आमच्या सान बार्तोलो गावच्या नोएमी त्लापालेला मी तिच्या शाळेच्या वयापासून पाहत आलो आहे. तिच्याविषयी लिहायचे तर आरंभ या गुणापासूनच करावा लागतो.

नोएमी ही भट्टीवाल्या फिलेमोनची एकुलती मुलगी. सणासुदीचा गोड पाव भाजावा तो फिलेमोननेच, अशी आमच्या गावाची समजूत. मुलगी मात्र राजधानीत जाऊन चित्रपटविद्या शिकली आणि तिथेच दूरचित्रवाणीच्या मालिकांचे संवाद लिहू लागली. नायिकांनी रडताना बोलायची वाक्ये तिच्या हातची असत, आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचे येई. स्वतःची म्हणावी अशी पटकथा तिने एकच लिहिली, परंतु ती किती वेळा लिहिली हे तिलाही सांगता आले नसते. कथा अगदी छोटी. पत्नीला पुरून आलेला एक वृद्ध भट्टीवाला संध्याकाळी अंगणात एकटा जेवायला बसतो. समोर एक रिकामी खुर्ची. कोणी येत नाही, कोणी बोलत नाही.

हा वृद्ध म्हणजे तिचा बाप, हे आम्हाला सांगावे लागले नाही. आई गेली त्या दिवशी नोएमीची राजधानीहून निघणारी बस चुकली होती. ती पोहोचली दुसऱ्या दिवशी. मधली संध्याकाळ तिने पाहिली नव्हती. म्हणूनच ती तिला पुनःपुन्हा दिसत असावी.

एका निर्मात्याने सुचवले, म्हातारा जरा तरुण करा. नोएमी म्हणाली, बरं. दुसरा म्हणाला, निदान एखादा कुत्रा तरी घाला, प्रेक्षकांना मायेला काहीतरी हवे. नोएमी म्हणाली, बरं. म्हातारा तरुण झाला, पुन्हा म्हातारा झाला. कुत्रा आला आणि गेला. हलू दिली नाही ती एकच वस्तू, समोरची रिकामी खुर्ची. अखेर त्या खुर्चीपाशीच प्रत्येकाचा रस संपे आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ असे उत्तर येई.

अशीच एकदा ती सुट्टीला आली आणि माझ्या ओसरीवर येऊन बसली.

“मास्तर, मी दमले हो. आता तो कुत्रा माझ्या स्वप्नात येतो. म्हणतो, मला का काढलंस?”

“मग ठेव त्याला.”

“ठेवला तर दुसरा कोणीतरी म्हणेल, मांजर करा.”

मार्ग काढला तो तिच्या मावशीने. तोमासामावशी म्हणजे गावातल्या प्रत्येक समारंभाच्या मोलेची, त्या दाट मिरचीच्या रश्श्याची, अनिवार्य अधिष्ठात्री. ती म्हणाली, “परक्यांच्या दारात कशाला उभी राहतेस? पोरीचं पंधरावं वरीस साजरं करताना आपण काय करतो? मानकरी शोधतो. तसे शोध की.”

आमच्याकडे समारंभ एकट्या घराचा नसतो. केक एकाचा, बूट दुसऱ्याचे, वाजंत्री तिसऱ्याची. ज्याने जे दिले त्याचा तो मानकरी. तो ठेवणीतले कपडे घालून सहकुटुंब येतो, आपल्या वस्तूशेजारी उभा राहतो, छायाचित्रात येतो. आलेल्या मानकऱ्याला परत पाठवण्याची रीत नाही.

नोएमीने हे सारे जाणूनही चित्रपटासाठी मानकरी बोलावले. जेवण मावशीचे. दिव्यांचा मान वायरमनला. नामफलकाची अक्षरे काढण्याचा मान मला मिळाला. मांडव आणि खुर्च्या भाड्याने देणाऱ्या क्रेसेन्सिओला तिने विचारले, “काका, खुर्चीचे मानकरी व्हाल का?” तो गहिवरून हो म्हणाला. कॅमेरा तिचा मित्र एर्नान राजधानीहून उसना घेऊन आला होता, आणि दुसऱ्या सकाळच्या बसने तो परत जायचा होता. हाती होती ती एकच संध्याकाळ.

त्या दिवशी मालिंचे पर्वताच्या उतारावरचे ऊन पिवळे होऊ लागले तेव्हा फिलेमोन अंगणात टेबलाशी येऊन बसला. पहाटेपासून त्याने भट्टी चालवली होती. डोळ्यांत धूर होता. तेवढ्यात फाटकाशी क्रेसेन्सिओचा ट्रक थांबला आणि त्यातून खुर्च्या उतरू लागल्या. उतरतच राहिल्या. मागोमाग माणसे आली, धुतलेल्या टोप्या, चकचकीत बूट, मुलींच्या केसांत फिती. मीही इस्त्रीचा कोट घालून त्यांतच होतो.

“काका,” नोएमी हळूच म्हणाली, “मला एकच खुर्ची हवी होती.”

“एक? एका खुर्चीचा मानकरी? उद्या बाजारात लोक म्हणतील, क्रेसेन्सिओचा धंदा बुडाला!”

“धंदा मी बघते, म्हणून बुडत नाही,” त्याची बायको मागून म्हणाली.

“पण काका, हा सोहळा नाही. यात बाई मेलेली आहे.”

“अगं, मग तर जास्तच खुर्च्या लागतील!”

इतक्यात वाजंत्रीवाले आले. त्यांच्या म्होरक्याने टोपी काढून सांगितले, “आम्हाला हाक आली नाही. म्हटलं, कामाच्या गडबडीत पोर विसरली असेल. म्हणून आपणहून आलो.”

एर्नान तिच्या कानाशी लागला. “ऊन चाललंय. यांना फाटकाबाहेर काढ. पाच मिनिटं, बास. एकदा ‘नाही’ म्हण ना, नोएमी!”

ती फाटकाकडे गेली. तिथे वायरमनची म्हातारी आई नातीचा हात धरून उभी होती. नोएमीने तोंड उघडले. आम्ही सगळे पाहत होतो.

“आजी, उभ्या का? आत या, बसा ना,” ती म्हणाली.

मग ती बापापाशी येऊन टेकली. तिचा चेहरा मी तितका थकलेला पूर्वी पाहिला नव्हता.

“बाबा, तुम्हाला आज एकटं बसवता येत नाही. चुकलंच माझं.”

“एकटं कशाला?”

“त्या संध्याकाळी बसला होतात तसं. मी नव्हते तेव्हा.”

फिलेमोनने तिच्याकडे बघितले. “एकटा बसलो होतो म्हणून तुला कोणी सांगितलं? तू नव्हतीस. बाकी गाव होतं. हाच क्रेसेन्सिओ होता, ह्याच खुर्च्या होत्या. तोमासाने असाच रस्सा केला होता. एकटं बसायची फार इच्छा होती, पोरी. कोणी बसू देईना.”

नोएमीने अंगणभर मांडलेल्या खुर्च्यांकडे पाहिले. मग उठून एर्नानला म्हणाली, “बाबांवर धर. बाकीचे आले तर येऊ देत.”

कोणालाही काही सांगितले गेले नाही. ताटे फिरली, वाजंत्री लागली, आमच्या गप्पा रंगल्या. समोरच्या खुर्चीवर क्रेसेन्सिओ स्वतः बसला आणि रश्श्याला मीठ कमी असल्याचे त्याने मावशीला ऐकवले. त्या कोलाहलात फिलेमोन हातात घास धरून, बसल्या जागी झोपी गेला. मावशीने बोलणे न थांबवता त्याच्या हातातला घास काढून ताटात ठेवला आणि स्वतःची शाल त्याच्या खांद्यांवर टाकली. क्रेसेन्सिओने आवाज जरा खाली आणला. ऊन गेले. कॅमेरा तोवर चालू होता.

मालिकांचे काम उरकल्यावर उरलेल्या वेळात नोएमीने तो चित्रपट जोडला. उत्तरेकडच्या एका महोत्सवात तो दाखवला गेला. एका परीक्षकाने भर सभेत विचारले, “एका म्हाताऱ्याच्या दुःखात इतकी माणसं कशाला?”

“मीच बोलावलं होतं त्यांना,” ती म्हणाली.

बक्षीस मिळाले नाही. सान बार्तोलोत चर्चच्या भिंतीवर तो लावला तेव्हा प्रत्येकाने स्वतःला शोधले. मागची रांग दिसत नाही, ही क्रेसेन्सिओची तक्रार अजून मिटलेली नाही.

पुढल्या हिवाळ्यात फिलेमोन गेला. या वेळी नोएमीची बस चुकली नाही. सगळ्यांना जेवू घालून, सगळ्यांना निरोप देऊन ती शेवटी निजली. आता ती राजधानीतच असते, आणि पडद्यावर क्वचित तिचे नाव येते. दुसरी पटकथा ती लिहीत आहे असे पत्राने कळते. त्याविषयी मी विचारत नाही, कारण विचारले तर भिडेने ती मला वाचायला पाठवील.

घराला कुलूप आहे. भट्टी थंड आहे. तिचा चित्रपट पाद्रीबाबांच्या कपाटात आहे आणि गावच्या जत्रेला तो दाखवतात. अंगणात क्रेसेन्सिओची एक खुर्ची राहिली आहे. ती न्यायला अजून कोणी आलेले नाही.