शेजाऱ्याच्या घरचे बियाणे

डॉ. शांतवन उजागरे सरांची आणि माझी पहिली भेट अमिरातीतल्या अल ऐनच्या एका खजुराच्या बागेत झाली, आणि त्या भेटीत मी त्यांना जवळजवळ रुग्णालयात पोहोचवले होते. ऑगस्टची दुपार होती. मी बागेच्या पाण्याची व्यवस्था पाहणारा सुपरवायझर. नवे कृषितज्ज्ञ रुजू होणार, एवढेच कानावर आले होते. पाहतो तर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ झाडाखाली गुडघे टेकून, चेहरा अगदी जमिनीशी नेऊन बसलेले. ऊन लागले असे समजून मी हातातली नळी तिथेच टाकली आणि पाण्याची बाटली घेऊन धावलो. "साब, आप ठीक हो?" सरांनी मान वर केली. नाकाला माती लागली होती. माझ्या बिल्ल्यावरचे नाव वाचून ते शांतपणे मराठीत म्हणाले, "परकार, म्हणजे रत्नागिरीकडचे ना? मग आधी ती नळी बंद करा." ते मातीचा वास घेत होते.

सर नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातले, मी दापोलीकडचा मुसलमान. परमुलखात असे दोघे एकत्र आले की भाषा हेच घर होते. सरांचे पंचाहत्तरावे वर्ष साजरे करण्यासाठी आम्हा मराठी मंडळींनी हा गौरव अंक काढायचे ठरवले, तेव्हा सरांच्या विद्वत्तेवर लिहिणारे पुष्कळ निघाले. ते त्यांनी लिहावे. खाऱ्या पाण्यावर झाड कसे जगवायचे ते सरांनी आम्हाला हाताला धरून शिकवले, एवढे सांगून मी थांबतो. त्यांचे गुण गाताना हेही सांगितले पाहिजे की सर स्वतः फार बेसूर गातात. सकाळी बागेत शिरताना ते भजन म्हणत, आणि आमचे पठाण मजूर अदबीने कामाची जागा बदलत.

रमजानमध्ये सरांनी माझ्यासमोर पाण्याचा घोटसुद्धा कधी घेतला नाही. तुम्हाला कुठे रोजा आहे, असे मी म्हणे. समोरचा उपाशी असताना घशाखाली उतरत नाही, त्याला मी काय करू, असे ते म्हणत. सूर्यास्ताला मगरिबची अजान झाली की पंपाच्या खोलीत आम्ही दोघे खजूर घेऊन बसायचो.

माझी बायको झुलेखा वारली, मग दोन वर्षांनी सरांच्या पत्नी शीलावहिनी गेल्या. त्यानंतरच्या शुक्रवारच्या संध्याकाळी आम्ही एकत्र काढल्या. तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही त्याच दिवशी भरे; सर चर्चमधून येत, मी मशिदीतून. ओएसिसच्या, म्हणजे गावातल्या जुन्या खजूरबनाच्या, मातीच्या भिंतीशी बसायचे, चहा प्यायचा आणि आपापल्या रिकाम्या खोलीवर परतायचे. बोलण्यासारखे फार नसे. पण सुट्टीची संध्याकाळ एकट्या माणसाच्या अंगावर येते, आणि शेजारी कोणी बसलेले असले तर ती निघून जाते.

चर्चमध्येच सरांना जोसेफ भेटला. युगांडाचा, इथे एका इमारतीवर सिक्युरिटी गार्ड. आपल्या गावाशेजारी राहणाऱ्या बात्वा लोकांसाठी प्रार्थना करा, अशी विनंती त्याने सर्वांना केली. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिलेले. शिकार, मध आणि कंदमुळे यांवर जगलेले. जंगल राखीव झाले आणि त्यांना बाहेर काढले गेले. जमीन नाही, शेती कधी केलेली नाही. दुसऱ्याच्या रानात राबायचे आणि संध्याकाळी मिळेल ते खायचे. सरांनी प्रार्थना केली. पुढे ते मला म्हणाले, "परकार, मी देवाला म्हटलं, त्यांच्याकडे कुणालातरी पाठव. तर त्यानं माझ्याकडेच बोट दाखवलं. मातीतलं शिकवलं कशाला होतं तुला, म्हणाला."

पुढच्या वर्षी साठलेली तीन महिन्यांची सुट्टी घेऊन सर नगरला न जाता तिकडे गेले. तिथल्या चर्चने डोंगरउतारावरची थोडी जमीन दिली. सरांनी बात्वा कुटुंबांबरोबर बांध घातले, घेवड्याचे बी पेरले. पीक चांगले आले. पुढच्या पेरणीचे बी प्रत्येक घरात बाजूला ठेवायला सांगून सर परत आले. पुन्हा गेले तेव्हा एकाही घरात बी नव्हते. शेजारी भुकेला आला की घरात असेल ते त्याच्यापुढे ठेवायचे, ही त्यांची जंगलापासूनची रीत. बी म्हणून वेगळे काही असते, हेच त्यांना पटलेले नव्हते.

इथे ही बातमी कळली तेव्हा सरांच्या या कामाला इथून पैसे देणाऱ्यांपैकी एकाने मला सांगितले, "उनको बोलो, खलास. ये लोग फार्मिंग नहीं करेंगे." बाकीच्यांचेही मत तेच होते. त्या वर्षी पेरणी झाली नसती तर चर्चनेही जमीन परत घेतली असती, आणि ती माणसे पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर गेली असती.

सर चिडले होते. त्यांनीच मला तसे सांगितले. ते तिथून निघण्याच्या तयारीत असताना एक म्हाताऱ्या बाई आल्या. सर त्यांना माई म्हणतात. अल ऐनला तपासायला न्यायचे म्हणून सरांनी मागच्या खेपेला थोडे बी बांधून ठेवले होते आणि ते माईंच्या झोपडीत विसरले होते. ती पुरचुंडी माईंनी जशीच्या तशी त्यांच्या हातात दिली. मधल्या दिवसांत माई स्वतः उपाशी राहिल्या होत्या. सरांनी विचारले, हे का नाही खाल्ले? दुभाषा म्हणून बरोबर असलेल्या जोसेफच्या भावाने त्यांचे उत्तर सांगितले: "माझं असतं तर कुणालाही दिलं असतं. तुमचं मी कसं देऊ?"

सरांनी निघणे रद्द केले. मग त्यांनी सगळ्या घरांना बोलावले आणि एकच गोष्ट मागितली. आपले बी आपल्या घरात ठेवायचे नाही, शेजाऱ्याच्या घरी ठेवायचे. आणि शेजाऱ्याचे आपण सांभाळायचे. त्या पुरचुंडीतले बी पेरले गेले. पीक निघाल्यावर प्रत्येकाचे बियाणे दुसऱ्याच्या छपराखाली गेले, आणि पुढच्या पेरणीला ते सगळे परत आले. सरांनी त्यांची रीत मोडली नाही, त्या रितीच्याच आधाराने शेत उभे केले. आज ती कुटुंबे स्वतःच्या पिकात उभी असतात.

निवृत्तीनंतर सर कायमचे तिकडे गेले. निघताना त्यांनी माझ्या हातात घेवड्याची पुरचुंडी ठेवली. "हे माझं आहे हं, परकार. तुमचं नाही. आणि तुमचं काय देताय मला?" घरात गावाहून आलेले कुळीथ होते, ते मी दिले. तेव्हापासून दर वर्षी जोसेफ सुट्टीवर जाताना माझे नवे कुळीथ नेतो आणि येताना सरांचा नवा घेवडा आणतो. भिंतीशी मी आता एकटाच बसतो. घरी आलो की फ्रिज उघडून ती पुरचुंडी आहे ना, एवढे पाहतो. कोणीतरी आपल्यावर काही सोपवले आहे, या एका गोष्टीवर माझी ही वर्षे गेली.

सत्काराला या, असा निरोप पाठवला होता. सरांचा आवाज फोनवर आला: "शाल तुम्हीच पांघरून घ्या. इथे पेरणी आहे." त्या आवाजाला मध्येच धाप लागत होती. तेव्हा शाल रिकाम्या खुर्चीवर ठेवू, दुसरा इलाज नाही.

सर, माझीही नोकरी यंदा संपते आहे. व्हिसा रद्द झाला की मी दापोलीच्या बंद घरी जाईन. मुलगा इकडेच रुवैस शहरात नोकरीला, नातवंडे फोनवर "हाय दादा, हाऊ आर यू" म्हणतात आणि फोन बापाकडे देतात. सामान फारसे नाही, पण तुमची पुरचुंडी बरोबर नेतो आहे. ती मी खाणार नाही, पेरणार नाही, कोणालाही देणार नाही; माझी नाहीच ती. न्यायला तुम्हालाच यावे लागेल. आणि बी जुने झाले की उगवत नाही, दर वर्षी बदलावे लागते, हे तुम्हीच शिकवले आहे. म्हणजे एकदा येऊन भागणार नाही. तुमचा देव आणि माझा अल्लाह तुम्हाला तेवढे आयुष्य आणि तेवढे गुडघे देवो. माझे कुळीथ सांभाळा. मी दार उघडे ठेवतो.