गोठ्यातली अंडी

दुसरबीडहून आमची बैलगाडी निघाली त्या सकाळी बा मुद्दाम शेतात निघून गेले. आमच्या यांना नागपुरात छापखान्यात नोकरी लागली होती, आणि हातची शेती सोडून चाकरीमागे जाणारा जावई बांच्या मनातून साफ उतरला होता. माय तेवढी पांदीच्या टोकापर्यंत गाडीसोबत चालत आली. माझ्या मांडीवर तिनं ज्वारीनं भरलेलं मडकं ठेवलं. ज्वारीत अंडी होती.

गावात राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या पोरांना ठाऊक नाही, म्हणून लिहिते. बा माळकरी. अंडं उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचे नाहीत. मायच्या कोंबड्या, अंड्यांचं मडकं, आम्हा पोरांसाठी उकडायची वेगळी चूल, सगळं गोठ्यात. ती एकेक अंडं पाण्यात सोडून बघायची. "आडवं पडलं तं ताजं, उभं राह्यलं तं आजच खा, तरंगलं तं उकिरड्यावर." नागपुरात नळाच्या पाण्यात मी अजून तसंच पारखते. बाजारातला अंडीवाला हसतो. हसू दे बापडा.

पुढं माय गेली. तिच्या दिवसांना गेले तेव्हाही बा माझ्याशी धड बोलले नाहीत. माय गेली, माहेर मिटलं, असं मी मनाशी धरून बसले.

मग माझा पोरगा टायफॉइडनं पडला. ताप उतरला, पण तो अन्नाकडे बघेना. डॉक्टर म्हणाले, अंडं द्या. गावाकडे निरोप कसा पोचला कोण जाणे, पण ऐन उन्हाळ्यात एका दुपारी दारात बा उभे! जन्मात नागपूर न पाहिलेले बा, आणि काखेत फडक्यात बांधलेलं मडकं.

मी घमेल्यात पाणी घेतलं. पहिलं अंडं तरंगलं. दुसरं तरंगलं. तिसरंही. बांचा चेहरा उतरत गेला.

"काऊन वं? मी तं सैपाकघरात ठेवले होते, रांजणाखालच्या गार रेतीत. एकेक सोताच्या हातानं धुऊन."

सैपाकघरात! बांनी! अंडं घरात घ्यायचं तर आधी शुद्ध करून, हे बांनाच सुचणार. पण धुतलेलं अंडं लवकर नासतं.

"माय कधीच धुवत नव्हती, बा."

"मले नाही सांगितलं तिनं."

"तुमी कधी इचारलं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. घमेल्याच्या तळाशी शेवटची दोन अंडी आडवी पडली होती, निघायच्या दिवसाची, घाईत धुवायची राहून गेलेली. मी ती उकडली. बांनी गळ्यातली माळ पाठीकडे सारली, स्वतः अंडी सोलली आणि नातवाला घास घास भरवला. पोरगा खाऊ लागला.

रिकामं मडकं फडक्यात बांधता बांधता बा खालमानेनं म्हणाले, "पुढच्या खेपेले न धुता आणतो."

पुढच्या खेपेला! मी चुलीकडे तोंड करून पोटभर रडले. इतकी वर्षं जिथं नुसती राहत होते, ती खोली मला त्या दिवशी घर वाटली. आता तिथं माझे बा येणार होते.