दुसऱ्या पंचाची सही

भर बाजारात फौजदारानं माझ्या तोंडावर बूट ठेवला. मी पालथा, तोंडात रगत आन माती. ज्या गुरुजींनी मला अक्षरं शिकवली, ते छत्री बगलंत मारून उभं हुतं. म्हणालं, "माजलीत पोरं. आणखी दोन द्या." मला त्यांचा राग आला, फौजदारापेक्षाबी.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला हुता. माझा चुलतभाऊ शंकर माधवनगरच्या मिलमधनं सुट्टीला आलेला. पंपाची मोटार चोरली म्हणून पोलिसांनी उचलला, दोन दिवस बडवला. चौकीतच मेला. मढं लांबनं दावलं, तर पायाचं तळवं काळं-निळं, फुटलेलं. दुसऱ्या दिवशी आमी वीस-पंचवीस पोरांनी मोर्चा काढला, त्यो फौजदारानं बाजारातच अडवला. दगड कुणी उचलला न्हवता. तरी हाटेलातली माणसं च्या पीत म्हणत हुती, "काय तरी केलं असंल. उगंच कोन मारतंय?"

मला चौकीत नेलं. माझा बाप, आबा, तिथं उकिडवा बसलेला. पंचनामा असला की आमच्या वस्तीतला माणूस बोलवायचा, ही गावची रीतच. आबानं वीस वर्सं अंगठं दिलं, कागदात काय लिवलंय कवा इचारलं न्हाई. उलट सरकारनं बोलावलंय म्हणून मान ताठ.

फौजदारानं कागद फुडं सरकवला. "बापाचा अंगठा काल घेतलाय. दुसरा पंच तू. घरच्याचीच सही असली म्हणजे बोंब बंद. कर आन जा."

आबा म्हणाला, "कर रं. मढं ताब्यात द्यायचा कागद हाय त्यो."

मी कागद उचलला आन खिडकीशी जमलेल्या माणसांना ऐकू जाईल असा वाचला. "मयत इसम विहिरीच्या कठड्यावरून पडून मरण पावला. अंगावर माराच्या खुणा नाहीत."

आबा अंगठा धोतराला पुसाय लागला. शाई कालच वाळलेली. तरी पुसतच ऱ्हायला. खिडकीशी उभं असलेलं गुरुजी खाली बघत निघून गेलं.

"न्हाई करत सही," मी म्हणालो.

काठी उजव्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं.

"आता करून दाखव," फौजदार म्हणाला.

मनगट वाकडंच जुळलं. मी डाव्या हातानं लिवायला शिकलो. तवापासनं वस्तीत सरकारी कागद आला की आदी मी वाचतो, दारात उभा ऱ्हाऊन, मोठ्यानं. खोटा असला तर माझ्या अंगावरनं जाऊन अंगठा घ्यावा लागंल.

शंकरच्या तळव्यांवर काय हुतं ते समदं येगळ्या कागदावर लिवून काढलंय. पैल्या वळीत फौजदाराचं नाव हाय. खाली सही माझी.